केसांचं औषध लागू पडत नाही? दुसरी बाटली घेण्याआधी हे तपासा

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. सतरा वर्षं झाली. सोयाबीनचे पैसे हाती आले किंवा घरात कोणाचं लग्न जमायला लागलं की काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, तीन महिने झाले लावून रायलो, काई फरकच नाई. याच्यापेक्षा भारी काय हाय ते द्या."

भारी बाटली विकण्यात माझा फायदा आहे. तरी मी आधी त्या माणसाला बाकावर बसवतो आणि काही गोष्टी विचारतो. त्याच त्या चुका इतक्या वेळा सापडल्या आहेत की विचारायचा क्रमही ठरून गेला आहे. तोच इथे देतो. फुकटात होणारी तपासणी आधी, पैसे लागणारी नंतर. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, म्हणून कुठे थांबून डॉक्टरकडे जायचं तेही शेवटी स्पष्ट लिहिलं आहे.

आधी लक्षण ओळखा

औषध फेल गेलं म्हणणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक यांतल्याच असतात:

- औषध सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत गळती उलट वाढली.
- फरक पडला होता, बाटली संपली म्हणून सोडून दिलं, आता तीन-चार महिन्यांत पहिल्यासारखंच.
- वर्ष झालं, पुरुषाचं कपाळ मागे सरकतंच आहे किंवा बाईचा भांग रुंदावतोच आहे.
- फणीला झुपके येतात, मोरीच्या जाळीत गुंता अडकतो, पण डोक्यावर मोकळी जागा कुठेच दिसत नाही.
- रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा, म्हणजे चाई.
- खाज, खपल्या, कातडीलगत तुटलेले केस. बहुतेक वेळा लेकरांच्या डोक्यात.
- चार-आठ दिवसांत मुठीनं केस हातात येणं, किंवा घरात-शेजारी एकदमच अनेकांना तसं होणं.

शेवटचं लक्षण असेल तर खालचं काहीही करत बसू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. का, ते पुढे शेगावच्या गोष्टीत येईल.

१. केस गळतो की तुटतो?

फणीत आलेला एक केस काळ्या कापडावर ठेवा आणि उन्हाच्या उजेडात त्याची दोन्ही टोकं पाहा. एका टोकाला खसखशीहूनही बारीक पांढरा ठिपका दिसला तर केस मुळातून सुटला. ठिपका नाही, टोक फाटलेलं किंवा तिरपं, तर तो मधेच तुटला. असे दहा-बारा केस पाहा, एकावर ठरवू नका.

हे आधी यासाठी की मुळावर काम करणारं औषध तुटणाऱ्या केसाला काहीच करू शकत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं खारट आणि जड की साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यानं केस धुतले की दोऱ्यासारखे राठ होतात आणि विंचरताना तुटतात. मुळाला त्यानं इजा होत नाही, पण वेणी बारीक होत जाते आणि बाई समजते की केस गळताहेत. अशा ताईंना मी बाटली देत नाही. शेवटचे दोन तांबे पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरच्या कॅनचं पाणी घ्या, ओले केस विंचरू नका, लग्नसराईत केस सरळ करायच्या गरम मशीनपासून थोडं लांब राहा. एवढ्यानंच पुष्कळांचं भागतं.

याच वेळी मोजमापही लक्षात घ्या. दिवसाला ५० ते १०० केस गळणं प्रकृतीचंच आहे. आठवड्यातून एकदाच नहाणाऱ्या बाईच्या हातात त्या दिवशी मोठा झुपका येणारच, कारण आधी सुटलेले आणि गुंत्यात अडकून बसलेले केसही त्याच दिवशी निघतात.

२. कॅलेंडर काढा आणि तीन महिने मागे जा

केसाचं चक्र समजलं की अर्धी चिंता जाते. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. शरीराला मोठा धक्का बसला की एरवी वाढले असते असे पुष्कळ केस एकदमच या बसण्याच्या अवस्थेत जातात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत माणूस तो धक्का विसरलेला असतो.

म्हणून मी विचारतो: टायफॉइड झाला होता? डेंग्यू, चिकनगुनिया? बाळंतपण, ऑपरेशन? वजन कमी करायला जेवण तोडलं होतं? पोळ्याला ताप येऊन गेलेली बाई दिवाळीत घाबरून येते, असं दरवर्षी होतं. एका बाळंतीण पोरीची आई तर तीन वेगवेगळी तेलं पिशवीत घेऊन आली होती. बाळ चार महिन्यांचं. तिन्ही तेलं निकामी आहेत असं त्या माउलीचं म्हणणं होतं. मी म्हटलं, काकू, तेलाचा यात काही संबंध नाही, हे केस बाळंतपणातच सुटायचे ठरलेत. तिला जेवायला द्या, लोहाच्या गोळ्या चुकू देऊ नका आणि वाट पाहा. अशी गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप ओसरते. सहा महिने उलटूनही थांबली नाही तर कारण वेगळं आहे.

कॅलेंडरचा दुसरा उपयोग औषधाचा हिशेब लावायला. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आज मुळात नवा केस धरला तरी आरशात दिसायला काही महिने लागणार. कोणत्याही केसांच्या औषधाचा निकाल चार महिन्यांच्या आत लावू नका, आणि पक्का निकाल सहा ते बारा महिन्यांनी. रोज आरसा पाहण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच दारात, त्याच वेळेला, कोरड्या केसांचा फोटो काढून ठेवा.

३. बाटलीचं गणित

सगळ्यात जास्त चुका मला इथेच सापडतात.

केसांसाठी डोक्याला लावायचं जे औषध बहुतेक जण नेतात ते मिनॉक्सिडिल. त्याची बाटली बहुतेक ६० मिलीची असते. पुरुषांसाठी नेहमीचा डोस १ मिली सकाळी आणि १ मिली रात्री, म्हणजे दिवसाला २ मिली. ६० भागिले २, बाटली ३० दिवसांत संपली पाहिजे. आता मला सांगा, तीन महिन्यांत किती बाटल्या घेतल्या? "एकच घेतली ना भाऊ, अजून थोडी उरली हाय." म्हणजे औषध फेल गेलेलं नाही, ते डोक्यावर पोचलेलंच नाही. डॉक्टरनं दिवसातून एकदाच लावायला सांगितलं असेल, बायांना तसं सांगतातही, तर त्याप्रमाणे हिशेब करा. पण हिशेब कराच.

मग मी म्हणतो, लावून दाखवा कसं लावता ते. एका पोरानं माझ्यासमोर पाण्याची बाटली उघडली, तळहातावर ओतलं, दोन्ही हात चोळले आणि खोबरेल लावतात तसे केसांवरून फिरवले. औषध अर्धं तळहातानं प्यायलं आणि उरलेलं केसांनी. कातडीला टिपूससुद्धा लागला नाही. बरोबर रीत अशी: डोकं कोरडं, भांग पाडून कातडी उघडी करायची, ड्रॉपरमध्ये १ मिलीच्या खुणेपर्यंत घ्यायचं, थेंब थेट कातडीवर सोडायचे आणि बोटानं हलके पसरायचे. मग हात साबणानं धुवायचे. चार तास डोकं धुवायचं नाही. रात्री झोपायच्या दोन-तीन तास आधी लावा, नाहीतर सगळं उशीला पुसलं जातं.

तेलाचं काय? आपल्याकडे डोक्याला तेल लावल्याशिवाय घराबाहेर पडणं अनेकांना जमत नाही. तेलाच्या थरावर हे औषध लावलं तर कातडीपर्यंत नीट जात नाही. तेल लावायचंच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, नहाण्याच्या आधी लावा आणि धुऊन टाका. तसंच एप्रिल-मेमध्ये दुपारी शेतात जाण्याच्या तोंडावर औषध लावू नका. पारा ४४-४५ वर असतो, घामाबरोबर औषध कपाळावर उतरतं आणि दुपट्ट्याला पुसलं जातं. पहाटे लावा आणि संध्याकाळी आंघोळीनंतर.

आता पहिल्या दोन लक्षणांचं उत्तर. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढते कारण बसून राहिलेल्या जुन्या केसांना नवे केस ढकलून बाहेर काढतात. ती औषध काम करत असल्याची खूण असू शकते, आणि नेमके तेव्हाच घाबरून सोडणारे सगळ्यात जास्त. आणि औषध सोडल्यावर केस पुन्हा का गेले? कारण हे औषध टक्कल बरं करत नाही. चालू आहे तोवर राखून ठेवतं. बंद केलं की तीन-चार महिन्यांत कमावलेलं जातं. ही गोष्ट पहिली बाटली देतानाच सांगायला हवी, आणि दर महिन्याचा खर्च झेपणार नसेल तर सुरूच न करणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. मी हे तोंडावर सांगतो.

लवकर फरक पडावा म्हणून डोस दुप्पट करू नका. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आलं होतं. जास्त लावलं की रक्तात जास्त उतरतं. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज असं काही झालं तर बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे लावू नये.

सगळं बरोबर करूनही काहींना फरक पडत नाही. हे औषध केसाच्या मुळाशी असलेल्या एका एन्झाइमनं बदललं की मगच कामाला लागतं, आणि काही लोकांत ते एन्झाइम कमी असतं. तुम्ही आठ-दहा महिने नेमानं लावलं आणि फोटोत काहीच दिसत नसेल, तर चूक तुमची नाही. तेव्हा बाटली बदलण्यात अर्थ नाही. नाव वेगळं असलं तरी आत तेच असतं. लेबलवर औषधाचं मूळ नाव वाचायला शिका.

४. दुसऱ्या कोणाला डोकं दाखवा

आपली टाळू आपल्याला दिसत नाही. घरातल्या कोणाला तरी अंगणात उजेडात भांग पाडून पाहायला लावा.

चट्टा गुळगुळीत, खपली नाही, खाज नाही, तर बहुधा चाई. तिला किडा लागला म्हणतात. किडा-बिडा काही नसतो, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात. त्यामुळे ज्यानं शेवटचा लेप लावला, त्याला श्रेय मिळतं. लसूण, कांदा घासून कातडी भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. गुंज तर विषारी बी आहे, सोललेल्या कातडीवर ती घासणं म्हणजे भलत्याच संकटाला बोलावणं. चाई पसरत असेल, भुवया किंवा दाढीत आली असेल तर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात इंजेक्शन देतात. त्याला पर्याय म्हणून मेडिकलमधून काही मागू नका.

लेकराच्या डोक्यात खपल्या आणि काळ्या ठिपक्यांसारखे तुटके केस दिसले तर बुरशी असू शकते. इथे मलम फेल जाणारच, कारण बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत गेलेली असते आणि वरून लावलेलं तिथवर पोचत नाही. पोटातून गोळ्या लागतात, त्याही कित्येक आठवडे, डॉक्टरच्या चिठ्ठीनं. गजकर्णासाठी सर्रास मागतात ते तीन औषधांचं मिश्र मलम कृपा करून लावू नका. त्यातलं स्टेरॉइड खाज दाबतं आणि बुरशी खाली पसरत राहते. एकच फणी, एकच टॉवेल, एकच वस्तरा घरभर फिरत असेल तर तेही थांबवा.

आणि कातडी चकचकीत, ताणलेली, केसांची छिद्रंच दिसत नाहीत अशी असेल तर एकही दिवस घालवू नका. तिथली मुळं व्रण होऊन मरत असतात. मेलेलं मूळ कोणत्याच औषधानं परत येत नाही. उरलेली वाचवायची तर लवकर जावं लागतं.

५. औषधांची थैली उपडी करा

घरात चालू असलेली सगळी औषधं एका थैलीत घालून आणा, असं मी सांगतो. फिट्सच्या, रक्त पातळ करण्याच्या, बीपीच्या काही गोळ्यांनी केस गळू शकतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नसतात, डॉक्टरला विचारायचं असतं. बऱ्याचदा खरा गोंधळ निघतो तो केसांसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्यांत. जाहिरात पाहून एक मागवली, भाच्यानं दुसरी दिली, आणि दोन्हींत अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम नावाचं खनिज. हे दोन्ही गरजेपेक्षा जास्त झाले की केस गळतात. केसांसाठी घेतलेली गोळीच केस नेते.

सेलेनियम म्हटलं की आमच्या बुलढाणा जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीला शेगाव तालुक्यात कालवड, बोंडगाव, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं निघायला लागले. म्हाताऱ्यांचे, बायांचे, शाळेतल्या पोरांचे. पुढे हा आकडा १८ गावांत २७९ लोकांपर्यंत गेला. त्या जानेवारीत माझ्याकडे शाम्पू, बुरशीची औषधं, तेलं मागायला रोज माणसं यायची. आधी पाण्यावर संशय गेला, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. बुरशीचीही शंका आली. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक येऊन नमुने घेऊन गेलं. मग विंचूदंशावरच्या कामासाठी सगळ्यांना माहीत असलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अभ्यास केला. त्यांचं बोट रेशनच्या गव्हाकडे गेलं: त्या गव्हात आमच्याकडे पिकणाऱ्या गव्हाच्या ६०० पट सेलेनियम आढळलं, रुग्णांच्या रक्तातही ते फार वाढलेलं होतं आणि झिंक कमी होतं. तो गहू खाणं थांबवल्यावर काहींचे केस परत येऊ लागले. ताटातून येणाऱ्या कारणावर डोक्याला लावायचं कोणतं औषध चाललं असतं? एकदम आणि अनेकांना होणारी गळती ही मेडिकलमध्ये सोडवायची गोष्ट नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं ते यामुळे.

६. रक्त तपासा, पण अंदाजानं गोळ्या सुरू करू नका

इथपर्यंत काही सापडलं नाही तर पैसे खर्च करायची वेळ आली. हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. त्यापुढे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडसाठी टीएसएच. बाकीच्या मोठ्या पॅकेजला डॉक्टरनं सांगितल्याशिवाय हात लावू नका. हिमोग्लोबिन बरं असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन. केसांच्या गोळ्यांत बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असेल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये सांगा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

लोहाची गोळी घेऊनही रक्त वाढत नाही अशी तक्रार आली की मी एकच विचारतो: कशासोबत घेता? उत्तर बहुतेक वेळा चहा. चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तास-दोन तास लांब ठेवा.

विदर्भात एक गोष्ट फार जपायची आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे तर जास्तच. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लाल पेशी फुटत असल्यामुळे, लोह कमी असेलच असं नाही. तिथे तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने लोह देणं घातक ठरू शकतं. घरात कोणाला सिकलसेल असेल, सांधे दुखत असतील, वारंवार कावीळ होत असेल तर आधी ती तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

पुरुषांत कपाळ आणि टाळूवरून जाणारे केस हे आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं, आणि त्यामागे डीएचटी नावाचं हार्मोन असतं. मिनॉक्सिडिल त्या हार्मोनला अडवत नाही. त्यासाठी फिनास्टेराइडची गोळी आहे, पण ती मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि कोणी दिली तर घेऊ नका. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी येऊ शकते, आणि मूल राहू शकेल अशा बाईनं तिची फुटलेली गोळी हातातही धरू नये. बायांमध्ये केस जाण्यासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही हार्मोनचं काम, स्त्रीरोग किंवा त्वचारोगतज्ज्ञांचं. चकचकीत व्रण, पू भरलेली सूज, पसरणारी चाई, सोबत ताप किंवा वजन घटणं, नखं खराब होणं, औषधानंतर धडधड, लेकराच्या डोक्यातली कोणतीही केसगळती, यातलं एकही असेल तर माझ्या काउंटरवर वेळ घालवू नका. पुवाची गाठ घरी फोडूही नका.

त्वचारोगतज्ज्ञ तालुक्याला रोज नसतात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरचा फुकट सल्ला मिळतो, आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई तिथूनच जोडून देतात. नाहीतर जिल्हा रुग्णालय, अकोला, यवतमाळ किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज, वर्धेकडच्यांना सेवाग्राम. जाताना डोक्याला दोन दिवस तेल लावू नका, केस काळे करू नका. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं, रिकामी असली तरी, घेऊन जा. महिन्या-महिन्याचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आणि एका कागदावर तीन तारखा लिहून न्या: गळती कधी सुरू झाली, त्याच्या तीन महिने आधी काय झालं होतं, आणि कोणतं औषध कधी सुरू करून कधी सोडलं.